विश्लेषण : ठिबकमधून जिवाणू खते सोडली, तरी फरक का दिसत नाही?

*धानानंतर भाजीपाला घेणाऱ्या गोंदियातील शेतकऱ्यांसाठी ठिबक, टायमर आणि जिवाणू खते या तिन्ही गोष्टी आता आवाक्यात आल्या आहेत. पण तिन्हींचा मेळ बसला नाही तर बाटलीवर खर्च केलेले पैसे शब्दशः पाण्यात जातात. नेमके चुकते कुठे?*

थोडक्यात
- जिवाणूंना लागतो वाफसा. चिखलात ते गुदमरतात, कोरड्या मातीत वाळतात.
- ठिबकसाठी द्रवरूप खत घ्या. भुकटीने ड्रिपर बुजतात.
- आधी साधे पाणी, मग जिवाणू, शेवटी पुन्हा साधे पाणी, हा क्रम टायमरमध्ये बसवा.
- कडधान्याला बीजप्रक्रियेइतका स्वस्त आणि खात्रीचा उपाय दुसरा नाही.

खरिपाचा धान निघाला, बांधी रिकामी झाली, की गोंदिया जिल्ह्यात पुढच्या पिकाचा विचार सुरू होतो. काही जण लाखोळी किंवा हरभरा टाकतात. इटियाडोहसारख्या प्रकल्पाचे किंवा बोअरचे पाणी असेल तर उन्हाळी धान घेतला जातो. अलीकडे मिरची, वांगी, टोमॅटो, कारली अशा भाजीपाल्याकडेही शेतकरी वळत आहेत आणि त्यासाठी ठिबक बसवत आहेत.

ठिबक आले की मागोमाग दोन सल्ले येतात. पहिला टायमर किंवा सेन्सर बसवण्याचा, कारण कृषिपंपाची तीन-फेज वीज ठरावीक तासच असते आणि अनेकदा रात्रीची पाळी येते. दुसरा सल्ला कृषी सेवा केंद्रातून मिळतो : ॲझोटोबॅक्टर, पीएसबी, ट्रायकोडर्माच्या बाटल्या ठिबकमधून सोडा, खताचा खर्च वाचेल.

दोन्ही सल्ले चुकीचे नाहीत. मात्र बाटलीत जिवंत जीव आहेत आणि टायमरला ते माहीत नसते. युरियासाठी लावलेला कार्यक्रम जिवाणूंसाठी तसाच वापरला, तर ते मुळापर्यंत जिवंत पोहोचतीलच असे नाही.

हे जिवाणू नेमके काय करतात?

हवेत 78 टक्के नत्र असतो, पण पिकाला तो थेट घेता येत नाही. काही जिवाणू तो पिकाला घेता येईल अशा रूपात आणतात. कडधान्यांच्या मुळांवरील गाठींत हे काम चालते, हे जर्मनीतील हेलरीगेल आणि विलफार्थ यांनी 1886 मध्ये दाखवून दिले. दोनच वर्षांनी, 1888 मध्ये नेदरलँड्सच्या बायेरिंक यांनी गाठींतला जिवाणू वेगळा काढला. तोच आजचा रायझोबियम. ॲझोटोबॅक्टर आणि ॲझोस्पिरिलम गाठी करत नाहीत. ते मुळांभोवती राहून नत्र स्थिर करतात.

पीएसबी म्हणजे स्फुरद विरघळवणारे जिवाणू. सुपर फॉस्फेटमधल्या स्फुरदापैकी जेमतेम 15 ते 20 टक्के पहिल्या हंगामात पिकाला मिळतो, उरलेला मातीतील लोह, ॲल्युमिनियम किंवा चुन्याला चिकटून बसतो. पीएसबी सेंद्रिय आम्ले सोडून त्यातला काही भाग मोकळा करतात.

ट्रायकोडर्मा ही बुरशी आहे, जिवाणू नव्हे. मर आणि मूळकूज करणाऱ्या बुरशींवर ती वाढते आणि त्यांची जागा बळकावते. वांगी आणि टोमॅटोमध्ये मात्र एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. ओल्या, उष्ण जमिनीत दिसणारी मर अनेकदा रालस्टोनिया नावाच्या जिवाणूमुळे असते, बुरशीमुळे नव्हे. मर झालेल्या झाडाचे खोड कापून स्वच्छ पाण्याच्या ग्लासात उभे धरा. कापलेल्या भागातून दुधाळ धार पाण्यात उतरू लागली, तर ती जिवाणूजन्य मर समजावी. तिथे फक्त ट्रायकोडर्मावर भरवसा ठेवणे महागात पडते.

आणि अपेक्षा किती ठेवायची? जिवाणू खतांच्या शिफारशींत रासायनिक खताचा साधारण पाव हिस्सा कमी करता येतो, असे गृहीत धरले जाते. खत पूर्ण बंद करा असे कोणी सांगत असेल, तर तो विक्रीचा भाग आहे.

धानाच्या बांधीत अडचण वेगळी का?

धानाची बांधी तीन-चार महिने चिखलणी केलेली आणि पाण्याने भरलेली असते. पाणी साचले की मातीतील प्राणवायू काही दिवसांतच संपतो. हवेवर जगणारे जिवाणू, ट्रायकोडर्मासारख्या बुरशी आणि मुळांना जोडून राहणारी मायकोरायझा यांची अशा जमिनीत पिछेहाट होते. त्यांच्या जागी प्राणवायूविना जगणारे जीव वाढतात. धानाच्या शेतातून मिथेन वायू निघतो तो याच जीवांमुळे.

म्हणजे धानकापणीनंतर त्याच बांधीत वांगी किंवा हरभरा लावला जातो, तेव्हा त्या पिकाला उपयोगी जीव जमिनीत कमी उरलेले असतात. धानानंतरच्या पिकात जिवाणू संवर्धकांना खरा अर्थ आहे तो यामुळेच.

खुद्द धानाचे सोबती वेगळे आहेत. निळे-हिरवे शेवाळ आणि अझोला यांना साचलेले पाणीच लागते. धानाच्या शेतातील नत्र टिकवण्यात निळ्या-हिरव्या शेवाळाचा मोठा वाटा आहे, हे भारतीय शास्त्रज्ञ पी. के. डे यांनी 1939 मध्ये मांडले होते. हे शेवाळ एका हंगामात हेक्टरी 20 ते 30 किलो नत्र देऊ शकते, असे मानले जाते. पण ते ठिबकवरच्या वांग्याला चालणार नाही. जीव निवडताना आधी पाणी कसे दिले जाणार आहे ते पाहावे, पीक त्यानंतर.

वाफसा आणि सेन्सर यांचा संबंध काय?

मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत अर्धे पाणी आणि अर्धी हवा असते, त्या स्थितीला शेतकरी वाफसा म्हणतात. मूठभर माती दाबली की गोळा होतो, हातातून सोडला की फुटतो. बहुतेक उपयुक्त जिवाणूंना हीच स्थिती मानवते.

टेन्शिओमीटर हा वाफसा आकड्यात सांगतो. त्याचा काटा शून्याजवळ असेल तर जमीन पाण्याने तुडुंब आहे. साधारण 10 ते 30 सेंटिबार म्हणजे वाफसा. त्यापुढे मातीच्या प्रकारानुसार पिकाला ताण बसू लागतो. गोंदिया-भंडाऱ्यात जमिनीला सिहार, मोरंड, कन्हार, बरडी अशी नावे आहेत. हलक्या बरडीत पाणी लवकर खाली उतरते, त्यामुळे थोडे-थोडे पण वारंवार द्यावे लागते. भारी कन्हारमध्ये उलट, तेवढ्याच वेळा पाणी दिले तर मुळांजवळ कायमचा चिखल होतो. शेजाऱ्याच्या टायमरची वेळ आपल्या टायमरला लावू नये, ती यासाठी.

चिखल झाला की आणखी एक नुकसान होते. प्राणवायू संपल्यावर काही जिवाणू मातीतील नायट्रेट वापरू लागतात आणि नत्र वायू बनून हवेत उडतो. एका बाजूने नत्र स्थिर करणाऱ्या जिवाणूंची बाटली ओतायची आणि दुसऱ्या बाजूने जास्त पाण्याने नत्र घालवायचा, असा तो प्रकार.

एका बाटलीत खरेच किती जिवाणू असतात?

हिशेब करून पाहू. जिवाणू खते 2006 पासून खत नियंत्रण आदेशाखाली आहेत. मानकानुसार द्रवरूप खताच्या एका मिलिलिटरमध्ये किमान 10 कोटी आणि भुकटीच्या एका ग्रॅममध्ये किमान 5 कोटी जिवंत पेशी हव्यात.

एक लिटर द्रवरूप खतात त्यामुळे किमान 10 हजार कोटी पेशी आल्या. आकडा प्रचंड वाटतो. पण एका एकरातील वरच्या 15 सेंटिमीटर मातीचे वजन सुमारे 850 टन, म्हणजे 85 कोटी ग्रॅम भरते. भागाकार केला तर एका ग्रॅम मातीच्या वाट्याला येतात जेमतेम 120 पेशी. त्याच एका ग्रॅममध्ये आधीपासून राहणारे जिवाणू कोट्यवधी असतात.

ठिबक इथे उपयोगी पडते. ते पूर्ण एकर भिजवत नाही, मुळांजवळचा पट्टाच भिजवते. तो पट्टा एकतृतीयांश धरला तर एका ग्रॅममागे साधारण 350 पेशी मिळतात. संख्या अजूनही थोडीच आहे. त्यामुळे सोडलेल्या प्रत्येक पेशीला मुळापर्यंत जिवंत पोहोचवणे आणि तिथे तिला सेंद्रिय खाद्य मिळणे महत्त्वाचे ठरते. शेणखत किंवा कंपोस्ट नसलेल्या जमिनीत बाटली ओतून फरक दिसत नाही, त्याचे एक कारण हेच.

हरभरा, लाखोळी, मूग अशा पिकांत म्हणूनच बीजप्रक्रिया पहिली. 10 किलो बियाण्याला 250 ग्रॅम रायझोबियम चोळले की जिवाणू थेट कोवळ्या मुळावरच बसतात. बुरशीनाशक, कीटकनाशक आणि शेवटी जिवाणू, हा बीजप्रक्रियेचा क्रम पाळायचा. हरभऱ्याचे रायझोबियम वेगळे आणि सोयाबीनचे वेगळे, पाकिटावर पिकाचे नाव पाहूनच घ्यावे. भाजीपाल्याची आणि धानाची रोपे लावण्याआधी मुळे जिवाणूंच्या द्रावणात बुडवता येतात. ठिबकमधून दिलेला डोस त्यानंतरचा, जोड म्हणून.

ठिबक संचात जिवाणू कुठे अडकतात?

जिवाणूची पेशी साधारण एक-दोन मायक्रॉनची असते आणि ट्रायकोडर्माचा बीजाणू तीन ते पाच मायक्रॉनचा. डिस्क किंवा स्क्रीन फिल्टरची 120 मेशची जाळी सुमारे 130 मायक्रॉनची असते. त्यामुळे हे दोन्ही सहज पार होतात. मायकोरायझाचे बीजाणू मात्र 40 पासून 150 मायक्रॉनपर्यंत, कधी त्याहूनही मोठे असतात. त्यातले बरेच जाळीवरच राहू शकतात. मायकोरायझा लावणीच्या वेळी खड्ड्यात किंवा रोपवाटिकेत देणे बरे.

भुकटीची गोष्ट आणखी वेगळी. लिग्नाइट किंवा टाल्कमध्ये मिसळलेले जिवाणू बारीक असले तरी ते वाहून नेणारी भुकटी पाण्यात विरघळत नाही. तिचा गाळ ड्रिपरच्या अरुंद वळणात साचतो. ठिबकसाठी द्रवरूप खतच, हा नियम त्यातून आला. जीवामृत सोडायचे असेल तर तेही एक रात्र निवळून, कापडाने दोनदा गाळून घ्यावे लागते.

जागाही महत्त्वाची. व्हेंच्युरी किंवा डोसिंग पंप सँड फिल्टरच्या पुढे आणि स्क्रीन फिल्टरच्या मागे हवा. सँड फिल्टरच्या आधी जिवाणू सोडले तर वाळूच त्यांना धरून ठेवते. तलावाचे किंवा बोडीचे पाणी वापरणाऱ्यांना सँड फिल्टर लागतोच, कारण त्या पाण्यात शेवाळ असते. पूर्व विदर्भात कोहळी समाजाने बांधलेले हजारो मालगुजारी तलाव आजही सिंचनाचा आधार आहेत, त्यामुळे हा मुद्दा इथे नेहमीचाच.

बोअरच्या पाण्याने बादलीला तांबूस डाग पडत असतील तर पाण्यात लोह आहे. अशा पाण्यात लोह-जिवाणू वाढून लॅटरलमध्ये बुळबुळीत थर तयार होतो. तो काढण्यासाठी क्लोरीन वापरले जाते आणि क्लोरीन चांगल्या-वाईट जिवाणूंत फरक करत नाही. आधी सफाई, मग संच साध्या पाण्याने धुणे, मग काही दिवसांनी जिवाणू, असेच चालावे. आम्लाने सफाई केली तरी नियम तोच. कॉपर ऑक्सिक्लोराइडसारखी ताम्रयुक्त बुरशीनाशके आणि जिवाणू यांत किमान आठवडाभराचे अंतर ठेवावे. फॉस्फरिक आम्ल किंवा विद्राव्य खताच्या दाट द्रावणात जिवाणूंची बाटली कधीही ओतू नये.

टायमरमध्ये कार्यक्रम कसा बसवायचा?

पाण्याची पाळी तीन टप्प्यांत विभागायची. समजा पाळी 60 मिनिटांची आहे.

1. पहिली 20 मिनिटे साधे पाणी. उन्हात पडलेल्या काळ्या लॅटरलमधले पाणी हाताला चटका देण्याइतके तापते. ते आधी बाहेर पडते, माती ओली होते आणि संचात दाब स्थिर होतो.
2. मधली 20 मिनिटे जिवाणू. टाकीतले द्रावण हलवत राहावे, नाहीतर पेशी तळाशी बसतात.
3. शेवटची 20 मिनिटे पुन्हा साधे पाणी. नळ्या धुतल्या जातात आणि जिवाणू ड्रिपरखालून मुळांपर्यंत उतरतात.

तिसरा टप्पा किती मिनिटांचा हवा, हे अंदाजाने ठरवू नये. व्हेंच्युरीतून थोडा खाण्याचा रंग सोडा आणि सर्वांत लांबच्या ड्रिपरला रंगीत पाणी यायला किती मिनिटे लागतात ते मोबाइलवर मोजा. शेवटचा टप्पा किमान तेवढा हवा. फार लांबवला तर जिवाणू आणि खत मुळांच्या खाली वाहून जातात.

वेळ संध्याकाळची निवडा. विदर्भात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो आणि भर दुपारी उघड्या मातीचा वरचा थर त्याहूनही तापतो. आच्छादन असेल तर फायदा दुहेरी होतो, ओल टिकते आणि उन्हाची झळ कमी होते.

स्वयंचलित संचात कोणत्या तीन चुका होतात?

*सेन्सरने पाणी अडवले, डोस टाकीतच राहिला.* ओलावा पुरेसा असेल तर सेन्सर व्हॉल्व्ह उघडू देत नाही. अवकाळी पाऊस झाला तर दोन-तीन दिवसही पाळी येत नाही. तोवर टाकीत ओतून ठेवलेले द्रावण खराब होते. डोस आधी भरून ठेवू नये, पाळी सुरू होण्याच्या तासाभरात तयार करावा. जिवाणू द्यायच्या दिवशी सेन्सरऐवजी हाताने पाळी सुरू करण्याची सोय कंट्रोलरमध्ये असतेच.

*मध्येच वीज गेली.* दुसऱ्या टप्प्यात वीज गेली तर जिवाणू आणि त्यांचे खाद्य नळ्यांतच थांबते. उन्हात ते मरतात, सावलीत त्यांचा बुळबुळीत थर बनतो. वीज परत आल्यावर कंट्रोलर पाळी पहिल्यापासून सुरू करतो की राहिलेल्या टप्प्यापासून, हे विकत घेतानाच विचारून घ्यावे. राहिलेले धुणे पूर्ण करणारा कंट्रोलर हवा. बॅटरीवर स्मृती राखणारे कंट्रोलर यासाठी सोयीचे.

*गुळाचा अतिरेक.* एका बाटलीतून ड्रममध्ये गूळ टाकून जिवाणू वाढवायचे आणि ते ठिबकमधून सोडायचे, असे अनेक ठिकाणी चालते. उघड्या ड्रममध्ये आपलाच जिवाणू वाढला की भलताच, हे डोळ्यांना कळत नाही. शिवाय उरलेली साखर नळीत थर वाढवते. असे द्रावण झाडाच्या बुंध्याशी हाताने ओतलेले बरे.

बाटली घेताना काय पाहायचे?

लेबलवर जिवाणूचे नाव, प्रति मिलिलिटर पेशींची संख्या, उत्पादनाची तारीख आणि वापराची मुदत असायलाच हवी. भुकटीची मुदत साधारण सहा महिने आणि द्रवरूपाची साधारण एक वर्ष असते. दुकानात बाटली उन्हात किंवा पत्र्याच्या छताखाली तापत पडली असेल, तर मुदत उरलेली असूनही आतले जीव उरले असतीलच असे नाही. पक्के बिल घ्यावे, तक्रार करायची वेळ आली तर तेच कामी येते.

रोगनियंत्रणासाठी विकला जाणारा ट्रायकोडर्मा किंवा स्युडोमोनास हे कीटकनाशके कायदा, 1968 खाली येतात. त्यांच्या लेबलवर नोंदणी क्रमांक असतो. तो नसेल तर बाटली परत ठेवलेली बरी. माती परीक्षण आणि स्थानिक शिफारशींसाठी जिल्ह्यात हिवरा येथील कृषी विज्ञान केंद्र आणि तालुका कृषी कार्यालय ही पहिली दारे.

अनुदान मिळते का?

केंद्राच्या 'प्रति थेंब अधिक पीक' योजनेत ठिबकसाठी अल्प आणि अत्यल्प भूधारकांना 55 टक्के, तर इतरांना 45 टक्के अनुदान आहे. राज्याने मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेतून पूरक अनुदान जोडून ते अनुक्रमे 80 आणि 75 टक्क्यांपर्यंत नेले. अर्ज महाडीबीटी पोर्टलवर होतो. टायमर, सेन्सर आणि व्हॉल्व्हचा खर्च त्यात धरला जाईल का, हे अर्ज करण्याआधीच तालुका कृषी कार्यालयात विचारून घ्यावे.

धानाच्या बांधीतही सेन्सर चालेल?

चालेल, पण पद्धत वेगळी. आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने आलटून-पालटून भिजवण्याची पद्धत सांगितली आहे. छिद्रे पाडलेली नळी बांधीत गाडायची, नळीतील पाणी जमिनीच्या 15 सेंटिमीटर खाली गेले की पुन्हा पाणी भरायचे. फुलोऱ्याच्या काळात मात्र पाणी तुटू द्यायचे नाही. यात पाणी 30 टक्क्यांपर्यंत वाचू शकते आणि मिथेनही घटतो. नळीत पातळी मोजणारा सेन्सर बसवला की हेच काम स्वयंचलित होते. अझोला किंवा निळे-हिरवे शेवाळ सोडले असेल, तर बांधी वारंवार सुकवणे त्यांना मानवत नाही. दोन्हींपैकी एक निवडावे लागते.

घरच्या कुंड्यांना हेच लागू आहे?

बहुतेक सगळे लागू आहे. टायमरवरच्या कुंड्यांत सर्वांत मोठी चूक जास्त पाण्याची असते. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, म्हणून जिवाणू मिसळायचे पाणी उघड्या बादलीत रात्रभर ठेवावे. द्रावण ठिबकच्या टाकीत न ओतता मगाने कुंडीत घालावे, कारण घरगुती ड्रिपर फार बारीक असतात.

फरक पडला की नाही, कसे ओळखायचे?

हरभऱ्याचे रोप फुलोऱ्याच्या सुमारास फावड्याने मुळासकट उचला, ओढून उपटू नका. मुळांवरची गाठ नखाने फोडा. आतून गुलाबी किंवा लालसर दिसली तर नत्र स्थिर करण्याचे काम सुरू आहे. पांढरी, हिरवट किंवा तपकिरी असेल तर ती गाठ काम करत नाही.

भाजीपाल्यात गाठी नसतात. तिथे दोन ओळींचे व्हॉल्व्ह बंद ठेवून त्यांना जिवाणू देऊ नयेत, बाकी खत-पाणी सगळे सारखेच. तोडणीच्या वेळी त्या दोन ओळींचा माल वेगळा तोलून वहीत नोंद करावी. हंगामाअखेर दोन्ही वजनांतला फरक बाटलीच्या किमतीपेक्षा जास्त भरला, तर पुढच्या वर्षी खर्च करावा. नाही भरला, तर तेच पैसे शेणखतात घालावेत आणि बीजप्रक्रिया चालू ठेवावी.